पीएच.डी.साठी परत जाताना : जुन्या श्रेयांकांचे काय होते?

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात शिक्षण समितीच्या वतीने केलेले भाषण)



शिक्षण समितीकडे आज जो विषय सोपविला आहे तो ऐकायला रुक्ष आहे. यात टाळ्या पडण्यासारखे काही नाही. परंतु समितीकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या मंडळींत गेल्या काही वर्षांत एक नवा वर्ग दिसू लागला आहे. दहावी-बारावीची मुले येतात, ती पूर्वीही येत होती. आता पस्तिशी-चाळिशीतली माणसे येतात. कोणी शाळेत शिक्षक आहे, कोणी जिल्हा परिषदेत लिपिक, कोणी रुग्णालयात परिचारिका. एम.ए. चांगल्या गुणांनी झालेले असते. कोणाचे एम.फिल. झालेले असते. कोणी पीएच.डी.ला नाव घालून कोर्सवर्कही पुरे केलेले असते. मग वडील गेले, धाकट्या भावंडांची जबाबदारी आली, बदली झाली, लग्न झाले, आणि शिक्षण राहिले ते राहिलेच. आता परत जायचे आहे. आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, "आधी केलेले धरतील का हो?"

विद्यापीठाच्या खिडकीवर या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते : "पहिल्यापासून करावे लागेल." हे उत्तर कधी खरे असते, कधी अर्धे खरे असते आणि कधी मुळीच खरे नसते. कोर्सवर्कचे एक सत्र पुन्हा करायचे म्हणजे नोकरदार माणसाला बिनपगारी रजा काढावी लागते, आणि घरात एकच पगार असेल तर ती निघत नाही. असा माणूस खिडकीवरूनच परत फिरतो. तेव्हा हा प्रश्न कागदाचा वाटला तरी आपल्या वस्तीतल्या कितीतरी लोकांच्या बाबतीत पीएच.डी. होणार की नाही हे यावरच ठरते, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम शब्द समजून घेऊ. श्रेयांक, म्हणजे ज्याला आपण सरसकट क्रेडिट म्हणतो, ते शिकण्याच्या कामाचे माप होय. साधारणपणे पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक. पीएच.डी.च्या कोर्सवर्कला किमान १२ श्रेयांक लागतात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांत म्हटले आहे. त्यात संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम हवा आणि संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचाही हवा. यातला दुसरा अभ्यासक्रम दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा असून तो २०१९ साली आला. कोर्सवर्कमध्ये किमान ५५ टक्के गुण लागतात.

आता येथे पहिला गोंधळ होतो. पुष्कळांना वाटते की एम.ए.चे एवढे श्रेयांक आपल्याजवळ आहेत, त्यांतून बारा वळते करून घेता येतील. तसे होत नाही. नाशिकपर्यंतचे तिकीट काढले आणि नाशिकला पोहोचलो. त्याच तिकिटावर पुढे धुळ्याला जाता येत नाही. पण नाशिकला पोहोचलोच नसतो तर धुळ्याची गाडी मिळाली नसती. एम.ए.चे श्रेयांक पदवी मिळाली तेव्हाच खर्ची पडले. ते पीएच.डी.साठी पात्रता देतात. पात्रतेला ५५ टक्के गुण लागतात आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर काही प्रवर्गांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. मुक्त विद्यापीठाची मान्यताप्राप्त पदवीही पात्रतेला चालते; पीएच.डी. मात्र दूरशिक्षणाने करता येत नाही, हे लक्षात ठेवावे. अशा जाहिराती येत असतात आणि आपली साधी माणसे त्यांत पैसे घालवितात.

तेव्हा वाहून नेण्याचा प्रश्न उरतो तो पदवीत खर्च न झालेल्या शिक्षणाचा, आणि एम.फिल.चा. हे समजायला एक उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. ते आपण नेहमी अभिमानाने सांगतो, पण त्यातली कार्यालयीन बाजू कोणी सांगत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये तेथे एम.ए. झाले आणि १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. येथवर गोष्ट आपल्यातल्या कितीतरी जणांसारखीच आहे. पैसे संपले, शिक्षण थांबले. फरक पुढे आहे. लंडन सोडण्यापूर्वी बाबासाहेबांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मिळविली. ते नुसते निघून आले नाहीत, रजेवर आले. त्यांची पुस्तके ज्या जहाजाने येत होती ते जहाज महायुद्धात टॉर्पेडोने बुडाले. पुस्तके गेली, पण लंडनच्या दप्तरातली परवानगी शाबूत होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापकी करून त्यांनी पैसे जमविले, थोडे मित्राकडून कर्जाऊ घेतले, छत्रपती शाहू महाराजांचेही साहाय्य झाले, आणि सप्टेंबर १९२० मध्ये, म्हणजे मुदतीच्या आत, ते पुन्हा लंडनला हजर झाले. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी त्यांनी मिळविली.

कोलंबियाचीही हकिकत अशीच आहे. तेथील अभ्यास १९१६ पर्यंत झाला होता. परंतु पदवी हाती पडण्यासाठी प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल करण्याचा नियम होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये छापून निघाला आणि कोलंबियाची पीएच.डी. रीतसर मिळाली ती १९२७ मध्ये. मधल्या दहा-अकरा वर्षांत न्यूयॉर्कला केलेला अभ्यास वाया गेला नाही, कारण त्याची नोंद होती आणि उरलेली अट कोणती हे नेमके ठाऊक होते. उलट १९२१ साली त्यांनी जर्मनीत बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते, परंतु तेथे राहून तासांना हजेरी देणे झाले नाही आणि ती नोंदणी रद्द झाली. नुसत्या नाव घालण्याने पदरात काही पडत नाही, एवढ्या मोठ्या विद्वानाच्याही नाही.

यावरून आमचे म्हणणे आम्ही आताच सांगून टाकतो. जुने श्रेयांक परत येताना मिळत नाहीत, ते निघताना मिळवून ठेवावे लागतात. ज्या दिवशी शिक्षण सोडावे लागते त्या दिवशी माणूस दुःखात असतो, घाईत असतो, विद्यापीठाचे तोंड पुन्हा बघू नये असे त्याला वाटत असते, आणि नेमके त्याच दिवशी कार्यालयात जाऊन चार कागद घेणे आवश्यक असते. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणावर अशी वेळ येऊ नये. पण आली तर निघून जाऊ नका. लेखी रजा मागा, आणि रजा मिळत नसेल तर झाले तेवढ्याचे प्रमाणपत्र घेऊन मगच निघा.

आता ज्यांनी पूर्वीच सोडले आहे त्यांचे पाहू.

एम.फिल. झालेल्यांची संख्या आपल्यात बरीच आहे. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. हा अभ्यासक्रम बंद केला. विद्यापीठांनी तो चालवू नये आणि विद्यार्थ्यांनी त्याला प्रवेश घेऊ नये असे आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बजावले. यावरून जुनी एम.फिल. रद्द झाली अशी एक अफवा उठली. ती खोटी आहे. पूर्वी रीतसर मिळालेली एम.फिल. वैध आहे आणि ती ५५ टक्क्यांनी झाली असेल तर पीएच.डी.ची पात्रताही देते. कोर्सवर्कमधून सूट मिळते का, हा वेगळा प्रश्न. २०१६ च्या विनियमांत एम.फिल.धारकांना विभागाने सूट देता येईल असे म्हटले होते. 'देता येईल' म्हटले होते, 'द्यावी' असे नव्हे, आणि हा फरक कितीतरी लोकांना महागात पडला. आज आपण ज्या विद्यापीठात जाणार त्याचे स्वतःचे पीएच.डी.चे नियम काय म्हणतात ते वाचावे लागते. ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतात. आणि सूट मिळाली तरी प्रकाशन नीतिमत्तेचे दोन श्रेयांक जुन्या एम.फिल.मध्ये नसणारच, कारण तो अभ्यासक्रमच तेव्हा नव्हता. तेवढे करण्याची तयारी ठेवावी.

पीएच.डी.ची नोंदणी करून कोर्सवर्क केले आणि मग थांबले, अशांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. येथे दोन गोष्टी निरनिराळ्या धरल्या पाहिजेत : एक श्रेयांक आणि दुसरी मुदत. पीएच.डी.ला प्रवेशाच्या दिवसापासून किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्याशिवाय आणखी दोन, म्हणजे एकूण दहा वर्षांपर्यंत. महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजाही आहे. तेव्हा जुनी नोंदणी या मुदतीत बसत असेल तर नवा प्रवेश घेण्याच्या भानगडीत पडू नये, आहे त्याच ठिकाणी पुनर्नोंदणीचा अर्ज करावा. आमच्या पाहण्यात अशा भगिनी आल्या की ज्यांना आपली मुदत अजून संपलेली नाही हेच ठाऊक नव्हते. सहा वर्षे झाली की सारे संपले, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते.

मुदत खरोखरच संपली असेल तर मात्र नवा प्रवेश, नवी परीक्षा किंवा मुलाखत, नवे मार्गदर्शक. जुनी वर्षे गेली, त्यांचा हट्ट धरू नये. खरे तर नवी नोंदणी म्हणजे घड्याळ नव्याने सुरू होते, यात फायदाच आहे. प्रयत्न करायचा तो जुने कोर्सवर्क नव्या नोंदणीत धरले जावे एवढ्यापुरता. दुसऱ्या विद्यापीठात केलेले कोर्सवर्क धरायचे की नाही, हे त्या विद्यापीठाचे नियम आणि तेथील विभाग ठरवितात. आणि विभाग ठरविणार कशावरून? आपण पुढे ठेवलेल्या कागदावरून.

येथे शेजारच्या वसाहतीतल्या एका भगिनीचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. शिक्षिका आहेत. एका विद्यापीठात कोर्सवर्क झाले, लग्नानंतर जिल्हा बदलला, दोन मुले झाली, आणि काही वर्षांनी दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. तेथे त्यांनाही "पहिल्यापासून करा" हेच ऐकावे लागले. त्यांच्याजवळ कोर्सवर्कचे गुणपत्रक होतेच, शिवाय त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची विभागाच्या शिक्क्याची प्रत होती, प्रत्येक पेपरला किती तास झाले याचे पत्र होते आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद होता. त्यांनी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी-शेजारी मांडून दाखविले : जुन्या ठिकाणचा संशोधनपद्धतीचा पेपर आणि येथला पेपर यांत काय समान आहे, काय नाही. विभागाने दोन पेपर धरले आणि बाकीचे करायला सांगितले. त्यांची उन्हाळी सुटी त्यात गेली, पण शाळेतून रजा काढावी लागली नाही.

याउलट एका बंधूंजवळ गुणपत्रकाची झेरॉक्स तेवढी होती. तिच्यावर 'पेपर एक, पेपर दोन' एवढेच छापलेले. त्यात काय शिकविले हे कोण सांगणार? जुन्या विद्यापीठाने दोनदा अभ्यासक्रम बदललेला, विभागातली माणसे निवृत्त झालेली. शेवटी माहितीच्या अधिकाराखाली, म्हणजे २००५ च्या कायद्याने, अर्ज करून त्यांनी त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत मिळविली. मिळाली, पण तोवर त्या वर्षीचे प्रवेश संपले होते.

खिडकीवरच्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्यापुढे गठ्ठा असतो आणि तोंडी प्रश्नाला तोंडी उत्तर देणे त्याला सोपे असते. म्हणून अर्ज लेखी द्यावा, विभागप्रमुखांच्या नावे द्यावा, प्रवेश निश्चित होतानाच द्यावा आणि पोच घ्यावी. पोच म्हणजे आवक क्रमांक व तारखेचा शिक्का असलेली आपली प्रत. अर्जात आपली कहाणी सांगू नये. कोणत्या जुन्या पेपरच्या बदल्यात कोणता नवा पेपर धरावा, एवढेच लिहावे. एक पान पुरे.

आणि अर्जात 'सूट' हवी आहे की 'श्रेयांक हस्तांतरण', हे स्पष्ट लिहावे. दोन्ही शब्द सारखेच वाटतात, पण सूट म्हणजे तुम्ही त्या तासांना बसू नका, एवढेच. हस्तांतरण म्हणजे ते श्रेयांक तुमच्या नव्या नोंदीत लिहिले जाणार. पुढे प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत कोर्सवर्कचे प्रमाणपत्र मागतात आणि त्यावर बाराऐवजी सहाच श्रेयांक दिसले तर उत्तर देताना घाम फुटतो. सूट मिळाली असेल तर ती कोणत्या निर्णयाने मिळाली त्या पत्राची प्रत जपून ठेवावी.

नावाचा घोळ हे आमच्या समितीचे कायमचे दुखणे आहे. एम.ए.चे गुणपत्रक माहेरच्या नावाने, कोर्सवर्कचे सासरच्या नावाने, आधार कार्डावर तिसरेच. जुने शिक्षण आपलेच हे सिद्ध करता आले नाही तर ते कितीही चांगले असून उपयोग काय? विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदल अर्जाला जोडावा. लग्नामुळे वा अन्य कारणाने स्थलांतर करणाऱ्या संशोधक महिलांसाठी विनियमांत एक चांगली तरतूद आहे, तीही सांगतो : त्यांना आपली संशोधन सामग्री नव्या संस्थेत नेता येते. अट एवढीच की ते संशोधन कोणा अर्थसाहाय्य करणाऱ्या संस्थेने मूळ संस्थेला वा मार्गदर्शकाला दिलेल्या प्रकल्पाचा भाग नसावे, आणि झालेल्या कामाचे श्रेय मूळ संस्थेला व मार्गदर्शकाला द्यावे. आमच्या मते या तरतुदीचा उपयोग फार थोड्या भगिनी करून घेतात.

तरुण विद्यार्थ्यांसाठी आता श्रेयांकांची बँक आली आहे. जुलै २०२१ च्या विनियमांनी ती स्थापन झाली. तिच्यात खाते उघडले की मिळविलेले श्रेयांक जमा होतात, जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात आणि पदवीसाठी एकदा वापरले की खात्यातून वजा होतात. परंतु २०२१-२२ पासूनचे श्रेयांकच तिच्यात चालतात. त्यापूर्वी शिकलेल्यांना या बँकेचा उपयोग नाही, त्यांची भिस्त कागदावर. ऑनलाइन अभ्यासक्रमांविषयीही विचारणा होते. आयोगाने मान्य केलेले ऑनलाइन अभ्यासक्रम संशोधन सल्लागार समितीच्या शिफारशीने कोर्सवर्कमध्ये धरता येतात. मात्र आधी शिफारस, मग अभ्यासक्रम. उलट क्रमाने गेलेल्यांची प्रमाणपत्रे घरात फ्रेम करून लावलेली आम्ही पाहिली आहेत.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत पुष्कळ विद्यापीठे पीएच.डी.ला एम.ए.चे काही श्रेयांक धरतात. किती धरायचे, किती वर्षांपूर्वीचे धरायचे आणि कोणत्या श्रेणीचे धरायचे याचे नियम प्रत्येकाचे वेगळे. तेथे आपली सीलबंद ट्रान्सक्रिप्ट आणि अभ्यासक्रमाचे इंग्रजीतील तपशील मागतात. म्हणजे पुन्हा तेच कागद.

शिष्यवृत्तीबद्दल एक सावधगिरी. अधिछात्रवृत्ती ठरावीक वर्षांचीच असते. पूर्वी एकदा ती घेतली असेल तर नव्या नोंदणीवर पुन्हा मिळेल असे गृहीत धरू नये. अर्जात जुनी नोंदणी लपवू नये. जुने श्रेयांक मागायचे आणि जुनी नोंदणी नाकारायची, या दोन गोष्टी एका फायलीत बसत नाहीत.

शिक्षण समिती दर रविवारी सकाळी वंदनेनंतर विहाराच्या सभागृहात बसते. ज्यांना परत जायचे आहे त्यांनी यावे. येताना मूळ गुणपत्रके घरीच ठेवावीत, झेरॉक्स आणाव्यात. जुन्या विद्यापीठातील नोंदणी क्रमांक आणि वर्ष एका चिठ्ठीवर लिहून आणावे. ज्यांच्याजवळ तोही नसेल त्यांनी शिकत असतानाचे जे काही असेल ते आणावे, शुल्काची पावती, ग्रंथालयाचे कार्ड, परीक्षेचे प्रवेशपत्र. त्यावरून जुन्या विद्यापीठाला पहिले पत्र त्याच दिवशी लिहू.